गरम झाली की सेल्फ का घेत नाही?

सकाळच्या गारठ्यात चावी फिरवली की जुनी गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते. दोन तास हायवेवर पळते, घाट चढते, कुठे अडखळत नाही. मग आपण चहाला थांबतो, पंधरा मिनिटांनी येऊन चावी फिरवतो आणि काहीच होत नाही. फार तर खालून एक ‘टक्’ ऐकू येतं. दिवे लख्ख असतात, हॉर्न खणखणीत वाजतो, इंजिन मात्र हलत नाही. चौघांनी धक्का दिला की गाडी लगेच सुरू होते. धक्का द्यायला कोणी नसेल तर तासभर थांबायचं. गाडी निवली की तीच चावी, तीच बॅटरी, आणि सेल्फ पुन्हा ठणठणीत.

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या ओळखीचं हे दुखणं आहे. त्यावर सहसा आधी बॅटरी बदलली जाते, मग सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर बदलली जाते. नव्या सेल्फने दोन-चार महिने बरे जातात आणि उन्हाळा आला की दुखणं परत येतं. बदललेल्या जुन्या सेल्फमध्ये पुष्कळदा काही बिघाड नसतोच, याचं मला फार वाईट वाटतं. पन्नास वर्षांपूर्वीचा मूळ भाग भंगारात जातो आणि दोष गाडीतच राहतो.

खरं तर तक्रार नीट ऐकली तरी निम्मी शंका फिटते. तासभर उभ्या असलेल्या गाडीत बॅटरी चार्ज होत नाही. तरी तासाभराने तीच बॅटरी इंजिन फिरवते, म्हणजे वीज पुरेशी होती. धक्क्याने गाडी सुरू होते, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी जागेवर आहेत. उरते ती चावीपासून सेल्फपर्यंतची वाट आणि खुद्द सेल्फ. शोध तिथेच घ्यायचा.

‘टक्’ कुठून येतं

इंजिन फिरवायला सेल्फला एका क्षणात दीडशे ते दोनशे अँपिअर लागतात. एवढी वीज चावीच्या नाजूक स्विचमधून नेली तर स्विच जळून जाईल. म्हणून सेल्फच्या पाठीवर एक छोटं नळकांडं बसवलेलं असतं, ते सोलेनॉइड. चावी फक्त सोलेनॉइडला वीज देते, मोठं काम सोलेनॉइड करतो.

सोलेनॉइडमध्ये तांब्याच्या तारेची गुंडाळी असते आणि मधे सरकणारा लोखंडी दांडा. गुंडाळीत वीज आली की तिचं चुंबक होतं आणि दांडा आत खेचला जातो. एका टोकाने तो सेल्फचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, इंजिनच्या फ्लायव्हील या मोठ्या चाकाच्या दात्यांत ढकलतो. दुसऱ्या टोकाने तांब्याची जाड चकती दोन बोल्टांवर दाबून बॅटरी थेट मोटरला जोडतो. आपण ऐकतो ते ‘टक्’ या दांड्याचं.

गुंडाळ्या खरं तर दोन असतात. एक जोरकस, दांडा खेचणारी. दुसरी हलकी, खेचलेला दांडा धरून ठेवणारी. दांडा दूर असताना चुंबकाची पकड सर्वांत कमी असते, म्हणून पहिल्या क्षणी दोन्ही गुंडाळ्या कामाला लागतात आणि मिळून तीसेक अँपिअर ओढतात. संपर्क जुळला की जोरकस गुंडाळीच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो आणि ती आपोआप बंद पडते. पुढे हलकी गुंडाळी थोड्या विजेवर दांडा धरून ठेवते.

तीस अँपिअर म्हणजे लहान आकडा नव्हे. दोन्ही हेडलाइट मिळून घेतात त्याच्या तिप्पट तरी ही वीज आहे, आणि ती सगळी चावीच्या स्विचमधून जाते. पहिल्या अर्ध्या सेकंदात ती पूर्ण मिळाली नाही तर दांडा जागचा हलत नाही, किंवा अर्धवट सरकून थांबतो.

गाडी थांबते तेव्हा सेल्फ तापतो

आपल्याला वाटतं, इंजिन बंद केलं की सगळं निवायला लागतं. सेल्फच्या बाबतीत पहिली वीस-पंचवीस मिनिटं नेमकं उलट घडतं. गाडी पळत असताना वारा लागतो, पंखा फिरतो, पाणी किंवा तेल उष्णता वाहून नेत असतं. इंजिन बंद होताच हे सगळं एकदम थांबतं. एक्झॉस्टचे नळ मात्र अजून शेकडो अंश तापलेले असतात. ती उष्णता आता आजूबाजूच्या लोखंडात झिरपते, आणि सेल्फ नेमका त्या नळांच्या शेजारी बसवलेला असतो. चहा संपवून आपण गाडीत बसतो तेव्हा सेल्फचं तापमान टिपेला पोचलेलं असतं.

तांबं तापलं की विजेला जास्त विरोध करतं. दर अंशाला साधारण ०.४ टक्के. वीस अंशांची गुंडाळी शंभर अंशांवर गेली की तिचा विरोध सुमारे ३१ टक्क्यांनी वाढतो. हा तांब्याचा स्वभाव आहे, त्यात बिघाड काही नाही. नव्या गाडीच्या गुंडाळीलाही हे चुकत नाही आणि तरी ती गरम असताना बिनतक्रार सुरू होते, कारण सोलेनॉइड बनवणाऱ्यांनी ही वाढ धरूनच थोडा जास्तीचा जोर राखून ठेवलेला असतो. जुन्या गाडीत हा राखीव जोर आधीच कुठेतरी खर्ची पडलेला असतो.

बीटलमधली लांब वाट

हा जोर कुठे खर्ची पडतो हे पाहायला फोक्सवॅगन बीटलइतकं चांगलं उदाहरण नाही. ही गाडी २ कोटी १५ लाखांहून अधिक संख्येने बनली आणि शेवटची २००३ च्या जुलैमध्ये मेक्सिकोतल्या प्वेब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली. तिचं इंजिन मागे, बॅटरी मागच्या सीटखाली आणि सेल्फ गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला. बॅटरीपासून सेल्फपर्यंतची जाड केबल जेमतेम हात-दीड हात लांब. इथवर सगळं उत्तम.

पण चावी पुढे, ड्रायव्हरपाशी. म्हणून सोलेनॉइडला इशारा देणारी वीज आधी मागून पुढे जाते, दिव्यांच्या स्विचवरून चावीच्या स्विचला येते, तिथून पुन्हा सगळी गाडी ओलांडून मागे सोलेनॉइडच्या टर्मिनलला पोचते. जर्मन पद्धतीत या टर्मिनलचा नंबर ५० आणि बॅटरीच्या जाड केबलच्या टर्मिनलचा ३०. सोलेनॉइड बॅटरीच्या इतक्या जवळ, तरी त्याची वीज मोठा वळसा घेऊन येते. वाटेत प्रत्येक जोडाला पितळी लग, प्रत्येक लगवर पन्नास वर्षांचा काळा थर, आणि चावीच्या स्विचमध्ये झिजलेले संपर्क.

गावाच्या टोकाला असलेल्या घराचा नळ आठवा. नळ बंद असताना पाइपात दाब पुरेपूर असतो. नळ सोडला की गंजलेल्या, अरुंद पाइपातून येता येता दाब वाटेतच मरतो आणि बादलीत बारीक धार पडते. विजेचंही तसंच. सोलेनॉइडची वायर काढून तिच्या टोकाला मीटर लावून चावी फिरवली तर तो १२ व्होल्ट दाखवतो, कारण वीज वाहतच नसते. त्या १२ वर विश्वास ठेवूनच पुष्कळ सेल्फ निष्कारण बदलले जातात. वायर जागेवर ठेवून, वीज वाहत असताना मोजलं तरच खरी धार दिसते.

हिशेब करून पाहू. आकडे सोपे केले आहेत, पण वास्तवाला धरून आहेत. गार सोलेनॉइडचा विरोध ०.३ ओहम आणि जुन्या वाटेचा ०.१ ओहम धरू. एकूण ०.४, म्हणजे १२ व्होल्टवर ३० अँपिअर वाहतील. आता सोलेनॉइड शंभर अंशांवर गेला. त्याचा विरोध ०.३९ झाला, वाटेचा मिळून ०.४९, आणि वीज आली साडेचोवीस अँपिअरवर. चुंबकाची ओढ मात्र विजेच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. वीज जवळपास १८ टक्क्यांनी कमी झाली तर ओढ तब्बल एक तृतीयांश कमी होते. दांड्यावरचं ग्रीस सुकलेलं असेल, आत थोडा गंज असेल, तर तेवढ्यानेच तो अडतो.

आता वाटेचा विरोध ०.१ ऐवजी ०.०२ करू आणि सोलेनॉइड तसाच तापलेला ठेवू. एकूण ०.४१, वीज २९ अँपिअरच्या वर. म्हणजे गाडी गार असताना जेवढी मिळत होती जवळजवळ तेवढीच. उष्णतेला आपण हातही लावला नाही, फक्त वाटेतली गळती थांबवली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म एवढंच आहे. उष्णता दोष निर्माण करत नाही, वर्षानुवर्षं साचलेली गळती ती उघड्यावर आणते.

१९६७ च्या मॉडेलआधीच्या बहुतेक बीटल ६ व्होल्टच्या होत्या. त्यांना हा त्रास जास्त. तेवढ्याच कामासाठी दुप्पट वीज लागते, म्हणून त्याच वाटेत दुप्पट व्होल्ट मरतात, आणि तेही मुळातच निम्म्या असलेल्या दाबातून. प्रमाणात बोलायचं तर नुकसान चौपट होतं.

चौकट : आवाज काय सांगतो

काहीच आवाज नाही, किंवा अगदी क्षीण टिक : सोलेनॉइडला पुरेशी वीज पोचत नाही. चावी, वायर, लग पाहा.

एकच जोरदार ‘टक्’, पुढे शांतता : दांडा सरकला, पण आतली चकती जळकी आहे, किंवा मोटरचे कार्बन झिजलेत.

टकटकटकटक : दांडा ओढला जातो आणि लगेच सुटतो. बॅटरी, जाड केबल किंवा बॉडीचं अर्थिंग कमजोर आहे, किंवा धरून ठेवणारी गुंडाळी तुटली आहे.

इंजिन फिरतं, पण कण्हत, जड : मोटरची मुख्य वाट, बुश किंवा टायमिंग.

इंजिन भराभर फिरतं, पण पेटत नाही : सेल्फ निर्दोष. पेट्रोल किंवा ठिणगीकडे वळा.

गरम असतानाच मोजायचं

गाडी निवल्यावर मोजमापाला अर्थ राहत नाही. तास-दीड तास चालवा, बंद करा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि दुखणं हजर असतानाच मीटर लावा. त्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना उटी लावलेली. स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडची दोन टर्मिनल जोडून सेल्फ मारायची पद्धत रस्त्यावर सर्रास दिसते. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर जाते, तेव्हा हा प्रकार करू नये.

मीटरचं एक टोक बॅटरीच्या धन खांबावर, म्हणजे क्लँपवर नव्हे, खुद्द शिशाच्या खांबावर ठेवा, म्हणजे क्लँपचा जोडही मोजला जाईल. दुसरं टोक सोलेनॉइडच्या ५० नंबरवर. कोणालातरी चावी फिरवायला सांगा. मीटर आता वाटेत मेलेले व्होल्ट थेट दाखवतो. एक व्होल्टच्या आत असेल तर वाट बरी म्हणायची. दोन-अडीच व्होल्ट असेल तर चोर सापडला. फरक अगदी कमी आणि तरी सोलेनॉइड गप्प असेल, तर मात्र सोलेनॉइडच काढून पाहायचा.

इंजिन फिरत असेल पण जड फिरत असेल, तर जाड वाट तपासायची. कॉइलची १५ नंबरची वायर काढली म्हणजे गाडी मधेच सुरू होणार नाही. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या धन खांबापासून सेल्फच्या ३० नंबरपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी मरायला हवं, आणि ऋण खांबापासून सेल्फच्या अंगापर्यंत पाव व्होल्टच्या आसपास. खुद्द बॅटरीवर या वेळी साडेनऊ व्होल्टपेक्षा कमी दिसत असतील तर ती दुसरीकडे तपासून घ्यावी.

ऋण बाजू लोक विसरतात, आणि बीटलमध्ये ती हमखास सापडते. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसवलेले असतात आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकापासून बॉडीपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी असते. ती गंजली की सेल्फची वीज परतीला दुसरी वाट शोधते, अगदी क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधूनही, आणि त्या केबल तापतात. पट्टी काढून दोन्ही टोकं पत्रा चमकेपर्यंत घासून परत बसवायला फारसा वेळ लागत नाही. माझा आग्रह असा की इतर कशालाही हात लावण्याआधी हे करावं.

रिलेचा उपाय

लग घासले, पट्टी साफ केली, तरी चावीकडून येणाऱ्या वाटेत दोन व्होल्ट मरत असतील तर दोन मार्ग उरतात. एक, चावीच्या स्विचचा विजेचा भाग आणि पूर्ण वायर बदलणं. दुसरा, सोलेनॉइडजवळ रिले बसवणं. रिले म्हणजे छोट्या विजेने चालणारा मोठ्या विजेचा स्विच. हेडलाइटसाठी वापरतात तो ४० अँपिअरचा चार टर्मिनलचा रिले चालतो.

सोलेनॉइडच्या ५० नंबरवरून चावीची जुनी वायर काढायची आणि रिलेच्या ८६ ला लावायची. ८५ पासून एक वायर स्वच्छ घासलेल्या पत्र्यावर, अर्थला. सेल्फच्या ३० नंबरवरून जाड, निदान चार चौरस मिलिमीटरची वायर फ्यूजमधून रिलेच्या ३० ला. आणि रिलेच्या ८७ पासून तेवढीच जाड वायर सोलेनॉइडच्या ५० ला. हे करताना बॅटरीचं ऋण टोक काढून ठेवणं सक्तीचं आहे. सेल्फच्या जाड केबलला फ्यूज नसतो, त्यामुळे पान्हा पत्र्याला टेकला तर प्रचंड ठिणगी पडते.

आता चावीकडून येणाऱ्या लांब वाटेवरून रिलेपुरती वीज वाहते, अँपिअरच्या पाचव्या भागाइतकी. ०.१ ओहमच्या जुन्या वाटेत तिचे जेमतेम ०.०२ व्होल्ट मरतात. सोलेनॉइडचे तीस अँपिअर बॅटरीपासून हातभर अंतरावरून थेट मिळतात. चावीचा स्विचही वाचतो, कारण त्याच्या संपर्कांवरून आता तीस अँपिअरची ठिणगी उडत नाही. मूळ वायरिंग कुठे कापावं लागत नाही, आणि हवं तेव्हा सगळं पूर्ववत करता येतं. मूळपण जपणाऱ्यांनीही या रिलेला नाक मुरडू नये असं मला वाटतं.

अमेरिकन व्ही-एट आणि इतर

शेव्हरोलेच्या १९५५ साली आलेल्या छोट्या व्ही-एट इंजिनात सेल्फ खाली, एक्झॉस्टलगत असतो आणि सोलेनॉइड त्याच्याच पाठीवर. तिथे वाट फार लांब नसली तरी उष्णता भयंकर, आणि शौकिनांनी मोठे एक्झॉस्ट पाइप बसवले की आणखी वाढते. अशा गाडीत सेल्फ आणि पाइप यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा बसवणं हा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय.

त्या काळच्या फोर्ड गाड्यांत सेल्फचा मोठा स्विच इंजिनपासून दूर, मडगार्डच्या आतल्या बाजूला असे. त्यामुळे शेव्हरोलेतही फोर्डचा स्विच बसवायची जुनी युक्ती आहे. ती चांगली आहे, पण पुष्कळ जण सेल्फवरच्या सोलेनॉइडची दोन टर्मिनल पट्टीने जोडून टाकतात, आणि तिथे गफलत होते. चावी सोडल्यावरही सेल्फ क्षणभर गतीत असतो. फिरती मोटर स्वतः वीज निर्माण करते, ती पट्टीवरून सोलेनॉइडला मिळत राहते आणि पिनियन फ्लायव्हीलमधून वेळेवर बाहेर येत नाही. इंजिन सुरू झालेलं, पिनियन अजून आत, आणि कर्कश आवाज. पट्टी न लावता सोलेनॉइडला वेगळी वायर दिली की हे टळतं.

ब्रिटिश धाटणीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत पिनियन फिरण्याच्या झटक्यानेच पुढे सरकतो आणि स्विच बॉनेटखाली वर, दूर असतो. तिथे सोलेनॉइड तापण्याचा प्रश्न येत नाही. गरम असताना सेल्फ जड चालला तर केबल आणि अर्थिंगकडेच पाहायचं.

वारंवार सेल्फ मारू नये, आणि का

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला, तोवर बहुतेक गाड्या हँडल मारून सुरू कराव्या लागत. इंजिन फिरवायला मोठी मोटर लागेल असं मानलं जात होतं. केटरिंगने ओळखलं की काम काही सेकंदांचंच आहे, तेव्हा छोट्या मोटरवर तेवढ्यापुरता भलामोठा भार टाकता येतो. आजही सेल्फ याच तत्त्वावर बनतो. म्हणूनच गरम गाडीत हताश होऊन सेल्फ लागोपाठ मारत राहिलं की तो आतूनही तापतो आणि गुंडाळीचा विरोध आणखी वाढतो. दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, आणि मधे मिनिटभर तरी थांबावं.

सेल्फ निर्दोष असतो तेव्हा

ठिणगीचं टायमिंग फार पुढे असेल तर गरम इंजिनात मिश्रण पिस्टन वर पोचण्याआधीच जोरात पेटतं आणि उलटा फटका सेल्फला बसतो. ओळखायची खूण सोपी आहे. कॉइलची वायर काढून सेल्फ मारा. वायर असताना अडखळणारं इंजिन आता मोकळं फिरलं तर सेल्फला हात न लावता टायमिंग तपासा.

इंजिन छान फिरतंय पण पेटत नाही, तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून गेलेलं असू शकतं. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल ७८ अंशांवर उकळतं. थांबलेल्या गाडीत कार्ब्युरेटर तेवढा सहज तापतो. हा विषय मोठा आहे आणि त्याचा सेल्फशी संबंध नाही.

एक गोष्ट मात्र सेल्फशी थेट जोडलेली आहे आणि बीटलवाल्यांकडून हमखास सुटते. बीटलच्या बहुतेक सेल्फमध्ये मोटरच्या फिरत्या दांड्याचं पुढचं टोक सेल्फच्या अंगात टेकलेलं नसतं, ते गिअरबॉक्सच्या कवचात बसवलेल्या छोट्या बुशमध्ये फिरतं. सेल्फ बाहेर काढला की बुश गिअरबॉक्सातच राहतो. तो झिजला की आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, एका बाजूला झुकून आतल्या खांबांना घासतं. मग वायर कितीही चांगली असली, तरी गाडी तापल्यावर इंजिन जड फिरतं. नवा सेल्फ आणून जुन्या बुशमध्ये बसवला तर तोही काही दिवसांत घासायला लागतो. म्हणून रिले बसवूनही गरम गाडी कण्हत असेल, तर सेल्फ उतरवून दांड्याचं टोक बुशमध्ये घालून हलवून पाहावं. हाताला चांगलं जाणवेल असं ढिलेपण असेल तर बुश बदलावा, नवा बुश रात्रभर तेलात भिजवून ठोकावा, आणि सेल्फ बसवण्याआधी दांडा बोटाने फिरवून तो मोकळा फिरतो याची खात्री करावी.